ठेका धरणे



या व्यासपीठावर आजवर मोठे साहित्यिक आणि अभ्यासक बोलून गेले आहेत. त्यांच्या रांगेत एका होमिओपॅथीच्या डॉक्टरला उभे करण्यात कार्यवाहांचा काय हेतू आहे, ते त्यांनाच ठाऊक. मी त्यांना विचारले, "आजारांवर बोलू का?" ते म्हणाले, "डॉक्टर, आजार आम्ही रोजच बोलतो. तुम्ही तबला शिकताय म्हणे, त्यावर बोला." तेव्हा आजचा विषय त्यांचा आहे, गुणदोष माझे.

पहिल्यांदाच सांगतो, मी तबलावादक नाही. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी तबल्यापुढे बसलो, त्याला आता पाच वर्षे होतील. मला कायदे, रेले, चक्रदार यांच्यावर बोलण्याचा अधिकार नाही. माझा अधिकार एवढाच की, सुरुवातीच्या अडचणी मला अजून रोज भेटतात. निष्णात माणसाला त्या आठवत नाहीत. 'धा' कसा वाजतो हे त्याला विचारले तर तो वाजवून दाखवतो. पण तो का वाजत नाही, हे सांगायला नवशिक्याच बरा.

आणि हा विषय नुसता हौसेचा नाही. आपल्या शहापूर, वडगाव, अनगोळ, टिळकवाडी या भागांत किती भजनी मंडळे आहेत ते तुम्ही जाणता. गाणारे भरपूर, टाळ घराघरात, पेटीवर बोटे फिरवणाराही कोणी ना कोणी निघतो. तबल्याला मात्र माणूस नसतो. जो असतो, तो एका संध्याकाळी तीन ठिकाणी बोलावलेला असतो. मग मोबाइलवर यंत्राचा तबला लावतात, आणि भजन त्याच्यामागे धावत सुटते. माझे आजचे म्हणणे असे की, ही उणीव भरून काढायला मोठे वादक लागत नाहीत. सहा मात्रांचा आणि आठ मात्रांचा ठेका नीट धरणारी माणसे लागतात, आणि ती माणसे या सभागृहात बसलेली आहेत.

आधी शब्द स्पष्ट करून घेऊ. लय म्हणजे गतीचा समान ओघ. तो मोजायचा घटक म्हणजे मात्रा. ठरावीक मात्रांचे, ठरावीक खंड पाडलेले, फिरून पहिल्या मात्रेवर येणारे चक्र म्हणजे ताल. आणि तो ताल तबल्यावर ज्या ठरलेल्या बोलांनी ऐकू येतो, तो ठेका. ताल मनात असतो, ठेका कानाला मिळतो.

आज आपल्याला ताल म्हटले की ठेकाच आठवतो, पण पूर्वी तसे नव्हते. तेराव्या शतकात, आपल्या शेजारच्या देवगिरीला, यादव राजा सिंघणाच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्याच्या सात अध्यायांपैकी पाचवा तालाचा आणि सहावा वाद्यांचा. तालाच्या अध्यायात हाताच्या क्रिया येतात: आवाज करणाऱ्या त्या सशब्द, आवाज न करणाऱ्या त्या निःशब्द. म्हणजे ताल हाताने दाखवायचा आणि टाळांनी धरायचा. चर्मवाद्य त्यावर आपले वादन करी. विशिष्ट बोलांचा कायम फिरणारा ठेका ही त्यानंतरच्या काळात हिंदुस्थानी संगीताने घडवलेली सोय आहे. पण जुनी खूण अजून शिल्लक आहे. आपण तीनतालाला टाळी वाजवतो आणि खालीला हात नुसता बाजूला उघडतो, तीच ती सशब्द आणि निःशब्द क्रिया. नवशिक्याने तबल्याला हात लावण्यापूर्वी टाळी शिकावी, असे गुरू का सांगतात, ते यावरून कळते. टाळी हा तबल्याचा पूर्वज आहे.

मी जैन आहे, म्हणून आणखी दोन नावे सांगण्याचा मोह आवरत नाही. पार्श्वदेव या दिगंबर जैन आचार्यांचा 'संगीतसमयसार' हा देशी संगीतावरचा महत्त्वाचा ग्रंथ आहे. त्यात वाद्यांचे आणि तालाचे विवेचन आहे. आणि वाचनाचार्य सुधाकलश यांनी इ. स. 1350 मध्ये 'संगीतोपनिषत्सारोद्धार' लिहिला. विरक्त माणसांनी मात्रा मोजण्यात आयुष्याचा काही भाग घालवला, हे मला विचार करण्यासारखे वाटते. मात्रा मोजणे हीसुद्धा एक सामायिकच आहे; मन पळाले की लगेच पकडले जाते.

आता प्रत्यक्ष वाद्याकडे येऊ. उजव्या हाताचा तो तबला, लाकडाचा. डाव्या हाताचा तो डग्गा, बहुधा तांब्याचा किंवा पितळेचा. वर चढवलेल्या कातड्याला पुडी म्हणतात. जन्मभर पुड्या बांधण्यात हयात गेलेल्या माझ्यासारख्याला हा शब्द ऐकून फार बरे वाटले. पुडीच्या कडेची पट्टी ती चाट, मधली मोकळी जागा ती लव, आणि काळी टिकली ती शाई. ही शाई म्हणजे रंग नव्हे. लोखंडाची पूड आणि खळ यांचे लेप थरावर थर घासून ती तयार होते. कुठल्याही साध्या ढोलाचा आवाज ठोक असतो, त्यात सूर सापडत नाही. तबल्यातून सूर निघतो तो या शाईच्या भारामुळे. सर चंद्रशेखर रामन यांनी 1920 साली 'नेचर' या नियतकालिकात एका सहकाऱ्याबरोबर यावर टिपण लिहिले होते. शाईमुळे पुडीची कंपने तारेसारख्या स्वरपटीत येतात, हे त्यांनी दाखवले. ज्या कारागिराने प्रथम ही शाई घोटली, त्याचे नाव कोणाला माहीत नाही. त्याला पदार्थविज्ञानाची पदवीही नव्हती.

या वाद्याची बाराखडी छोटी आहे. उजव्या हाताची अनामिका शाईच्या कडेला हलकी टेकलेली ठेवून तर्जनीने चाटेवर आघात केला की 'ना' किंवा 'ता'. तीच तर्जनी लवेवर आली की 'तिं'. डाव्या हाताचे मनगट पुडीवर टेकवून बोटांच्या टोकांनी उघडा आघात केला की 'गे', पंजा सपाट ठेवला की आवाज बंद, तो 'क'. 'ना' आणि 'गे' एकत्र म्हणजे 'धा'. 'तिं' आणि 'गे' एकत्र म्हणजे 'धिं'. एवढ्या पाच-सहा अक्षरांवर आपले बरेचसे भजन, भावगीत आणि नाट्यपद उभे आहे.

पण अक्षरे थोडी म्हणजे काम थोडे असे नाही. पहिले दोन महिने 'ना' वाजत नाही; 'टप्' असा आवाज येतो. याचे कारण बहुधा बोटात नसते, अनामिकेत असते. ती दाबली गेली की पुडी गुदमरते, सुटली की आवाज पसरतो. ती फक्त टेकायला हवी. मी रोज नाडी पाहतो, म्हणून मला ही गोष्ट ओळखीची वाटली. नाडीवर बोटे जोराने दाबली तर नाडी लागत नाही, नुसती ठेवली तरी लागत नाही. टेकवून थांबावे लागते. डग्ग्याचे दुखणे वेगळे. नवशिका आघात करून बोट तिथेच ठेवतो. तव्यावर बोट लागले की आपण जसा हात उचलतो, तसा तो उचलला गेला पाहिजे. मग डग्गा घुमतो.

आता पहिला ठेका. शिकवण्याची रीत म्हणून बहुतेक ठिकाणी तीनतालापासून सुरुवात होते. सोळा मात्रा, चार-चारांचे चार खंड:

धा धिं धिं धा । धा धिं धिं धा । धा तिं तिं ता । ता धिं धिं धा

टाळ्या पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर. खाली नवव्या मात्रेवर. पहिली मात्रा ती सम. भातखंडे पद्धतीच्या लेखनात समेला गुणाकाराची फुली आणि खालीला शून्य काढतात.

या सोळा मात्रांत एक मौज आहे, ती नवशिक्याला हमखास अडवते. हाताने खाली दाखवतो आपण नवव्या मात्रेला, पण तिथे बोल 'धा' आहे, म्हणजे डग्गा घुमतोच. तो गप्प होतो दहाव्या मात्रेला. तसेच टाळी परत येते तेराव्या मात्रेला, पण तिथे बोल 'ता' आहे. डग्गा अजून मुकाच. तो बोलतो चौदाव्याला. म्हणजे हाताची खाली आणि नादाची खाली यांच्यात एका मात्रेचे अंतर आहे. नवशिक्याला वाटते आपले कुठेतरी चुकते आहे. चुकत काही नाही. ठेक्याची रचनाच तशी आहे. दहा ते तेरा या चार मात्रांत डावा हात थांबतो, आणि त्या शांततेमुळेच गाणाऱ्याला कळते की सम आता जवळ आली. सम ही घोषणा करून येत नाही. आधी डग्गा गप्प होतो, मग परततो, आणि तीन मात्रांनी सम येते. गायक डोळे मिटून गात असला तरी त्याला वाट दिसते ती यामुळे. म्हणून ठेक्यात सर्वांत जपायची गोष्ट कोणती, तर जिथे डग्गा वाजवायचा नाही तिथे न वाजवणे.

केरवा आठ मात्रांचा: धा गे ना ती । ना क धि ना. दादरा सहा मात्रांचा: धा धी ना । धा ती ना. हे दोन ठेके आले की भजनाचे आणि सुगम गाण्याचे बरेच दार उघडते. लोकांना वाटते, हे सोपे. बोल सोपे आहेत हे खरे. अवघड आहे ते वजन. केरव्यातला सहाव्या मात्रेचा 'क' बंद असतो आणि सातव्याचा 'धि' उघडा. त्या बंद-उघडण्यात केरव्याची चाल आहे. तो 'क' राहिला तर आठही मात्रा एका मापाने पडतात, आणि केरवा कवायतीसारखा ऐकू येतो. रूपक सात मात्रांचा: तीं तीं ना । धी ना । धी ना. याची समच खालीवर आहे. सगळे ताल घुमाऱ्याने सुरू होतात, हा मोकळ्या हाताने सुरू होतो. मराठी भावगीतांत हा ताल पुष्कळ आहे, आणि सात मोजायची सवय नसलेले आपले श्रोते त्यालाही बिनदिक्कत टाळ्या देतात; कारण त्यांनी तो मोजलेला नसतो, ऐकलेला असतो. शिकणाऱ्यानेही शेवटी तिथेच पोचायचे असते. मोजणी ही कुबडी आहे. पाय बरा झाला की ती कोपऱ्यात ठेवायची.

आता रियाजाविषयी. आमचे गुरुजी म्हणतात, "तोंडात आहे ते हातात येईल." म्हणून आधी पढंत, म्हणजे हाताने टाळी देत तोंडाने बोल म्हणणे. तबला नसला तरी हे करता येते. मी दवाखान्यातून घरी चालत जाताना करतो. पाऊल ही मात्रा, तोंडात दादरा. रस्त्यावर भेटणारे समजतात, डॉक्टर जप करताहेत. मी त्यांचा गैरसमज दूर करत नाही.

पढंत झाली की तबल्यावर, आणि संथ. किती संथ? मिनिटाला साठ मात्रा, म्हणजे घड्याळाच्या सेकंदाला एक. या गतीने तीनतालाचे एक आवर्तन सोळा सेकंदांत होते. अर्धा तास न थांबता वाजवले तर अठराशे मात्रा, म्हणजे एकशे बारा आवर्तने होतात. हा हिशेब मी मुद्दाम देतो, कारण "आमच्या वयात आता किती रियाज होणार?" हा प्रश्न मला नेहमी विचारतात. रोजची शंभर आवर्तने निवृत्त माणसाला न जमण्यासारखी नाहीत. वर्तमानपत्र वाचायला याहून जास्त वेळ लागतो, आणि त्याने मन प्रसन्न होतेच असे नाही.

संथ वाजवणे हे जलद वाजवण्यापेक्षा अवघड आहे, हे ऐकून आश्चर्य वाटेल. जलद गतीत एका आघातापासून दुसऱ्यापर्यंत जायला वेळच नसतो, त्यामुळे चुकायलाही जागा कमी. संथ गतीत दोन आघातांमध्ये पोकळी असते, आणि ती पोकळी मनाने सांभाळावी लागते. विलंबित ख्यालात एकतालाची एक मात्रा चार सेकंदांची असली तर बारा मात्रांचे आवर्तन अठ्ठेचाळीस सेकंदांचे होते. जवळजवळ मिनिटभर गायक कुठेही फिरून येवो, तबलजीने ती पोकळी मोडू द्यायची नाही. आपण बैठकीत बसून "तबलजी काय, नुसता ठेकाच देतोय" असे म्हणतो, तेव्हा तो हे करत असतो.

माझ्या व्यवसायाचा म्हणून एक इशारा देतो. वाजवताना खांदे वर चढतात, जबडा आवळला जातो, श्वास रोखला जातो. वय झालेल्या विद्यार्थ्यात हे जास्त. दर दहा मिनिटांनी थांबा, हात सोडा, खांदे खाली करा. मांडी घालून बसवत नसेल तर स्टँडवर तबला ठेवून खुर्चीवर बसा. लय जमिनीला बांधलेली नाही. बोट किंवा मनगट दुखले तर रेटून वाजवू नका. आणि मला पुष्कळ जण विचारतात, "डॉक्टर, तबल्याने रक्तदाब उतरतो का? स्मरणशक्ती वाढते का?" मी सांगतो, रक्तदाबाच्या गोळ्या तुमच्या डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे घ्या, आणि तबला तबल्यासाठी वाजवा. ज्या गोष्टीत आनंद आहे तिला औषधाच्या बाटलीत कोंबू नये.

आता यंत्राचा विचार करू. तबल्याचे इलेक्ट्रॉनिक यंत्र आणि मोबाइलवरचे ॲप यांना मी शत्रू मानत नाही. एकट्याने रियाज करणाऱ्याला त्यांचा आधार आहे. आपली गती कुठे वाढते ते यंत्र निर्दयपणे दाखवते, आणि नवशिक्याची गती वाढतेच. सोपा भाग आला की हात पळतो. पण भजनाला यंत्र लावले की काय होते ते पाहा. भजन म्हणणारा एखाद्या ओळीवर रमतो, दम घेतो, दुसरा कोणी चाल उचलून वर नेतो, मंडळी भरात येतात. त्या वेळी लय किंचित चढायला हवी असते आणि शेवटी उतरायला हवी असते. यंत्र ऐकत नाही. मग माणसेच यंत्राचे ऐकू लागतात.

तुमची नाडी घड्याळासारखी चालते असे तुम्हाला वाटत असेल तर तसे नाही. निरोगी माणसाची नाडी श्वास आत घेताना किंचित जलद होते, सोडताना किंचित सावकाश. जिवंत लयीचे असेच आहे. गती ढळू द्यायची नाही, तरीही ती गाणाऱ्याच्या श्वासाबरोबर असली पाहिजे.

याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्या जवळचे आहे. कुमार गंधर्वांचा जन्म आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीचा, 1924 सालचा. पुढे ते देवासला राहिले. त्यांच्या गाण्याला वर्षानुवर्षे वसंतराव आचरेकर साथ करत. कुमारांचे गाणे कुठे थांबेल, कुठे झेप घेईल, याचा नेम नसे. आचरेकरांची ध्वनिमुद्रणे पुन्हा ऐका, पण या वेळी गाणे सोडून फक्त तबला ऐका. फार थोडे वाजवलेले सापडेल. जे वाजवले ते जागेवर, सुरात आणि गोल. त्याच्या दुसऱ्या टोकाला अहमदजान थिरकवाँ साहेब. एवढे मोठे स्वतंत्र वादक, पण बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत त्यांनी नाट्यपदांना साथ केली, आणि मराठी प्रेक्षकांच्या एका पिढीच्या कानात ठेक्याची गोडी उतरली. ठेका हा पहिल्या इयत्तेचा धडा आहे असे आपण समजतो. या दोघांना ऐकले की कळते, तो शेवटच्या इयत्तेचाही धडा आहे.

आता एक अवघड गोष्ट. माझ्या घरातच हा प्रश्न निघाला, आणि तो टाळून पुढे जाणे बरे नाही. तबल्याची पुडी बकऱ्याच्या कातड्याची. ती ताणून धरणारी वादीही चामड्याची. जैन माणसाने त्याला हात लावावा का? आमच्या सौभाग्यवतींनी हे विचारले तेव्हा माझ्याकडे तयार उत्तर नव्हते. तीर्थंकरांच्या अष्टप्रातिहार्यांत देवदुंदुभी आहे, असे म्हणून मला सुटता आले असते; पण ती देवांची दुंदुभी, तिची पुडी बाजारातून येत नाही. 'अवनद्ध' या शब्दाचाच अर्थ मढवलेले. पार्श्वदेवांनी अशा वाद्यांवर लिहिले, हे खरे. पण लिहिणे वेगळे आणि विकत घेणे वेगळे.

मी माझ्यापुरते असे ठरवले. नवा जोड घेतला नाही. गुरुजींकडे पडून असलेला जुना जोड घेतला. बस्तीत पूजेला चामड्याचे वाद्य नेत नाही; तिथे पेटी, टाळ आणि हाताची टाळी. आता कृत्रिम पुडीची वाद्येही मिळतात. त्यांचा नाद जुन्या पुडीसारखा नाही, पण शिकण्यापुरता वाईटही नाही. आज ना उद्या माझी पुडी फाटेल, तेव्हा मी तिकडे वळेन. गोव्यात घुमटाचे असेच झाले. मडक्याच्या तोंडावर पूर्वी घोरपडीचे कातडे चढवीत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण मिळाले, आणि आज घुमटाला बकऱ्याचे कातडे लावतात. 2019 साली गोवा सरकारने घुमट हे राज्याचे वारसा-वाद्य म्हणून जाहीर केले. कातडे बदलले म्हणून आरती थांबली नाही. माझा प्रश्न सुटला असे मी म्हणत नाही. पुडी मढवणाऱ्या कारागिराच्या पोटाचाही विचार करावा लागतो. पण प्रश्न मनात ठेवून वाजवणारा हात थोडा हलका पडतो, असा माझा अनुभव आहे. आणि तबल्यावर हलका हात हा गुण आहे.

शेवटी आपल्या गावाकडे वळतो. आपल्या भागात एकाच बैठकीत अभंग होतो, दासांचे पद होते, वचन होते. मराठी आणि कन्नड शेजारी-शेजारी मांडी घालून बसतात. 'धा'ला भाषांतर लागत नाही. हे टिकवायचे तर ठेका धरणारे हात तयार करावे लागतील. माझ्या तीन सूचना आहेत.

पहिली, प्रत्येक भजनी मंडळाने बैठकीतली पहिली दोन भजने नवशिक्याला वाजवायला द्यावीत. त्या वेळी जाणत्या तबलजीने शेजारी बसून टाळ धरावा. शिकवणीच्या खोलीत जे वर्षात येत नाही, ते चार माणसांच्या साथीत महिन्यात येते.

दुसरी, शिक्षकांना विनंती. परीक्षांची पद्धत चांगली आहे. विष्णु दिगंबर पलुस्करांनी, आपल्या शेजारच्या कुरुंदवाडच्या माणसाने, 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि संगीत सामान्य माणसाच्या घरात आणले, ते शिस्तबद्ध अभ्यासक्रमामुळेच. पण पन्नाशीनंतर येणाऱ्याला प्रमाणपत्र नको असते. त्याला फक्त दादरा, केरवा, भजनी, रूपक आणि तीनताल यांचे ठेके, तेही साथीपुरते, असा वर्षाचा वर्ग काढा.

तिसरी, भगिनींसाठी. महिला भजनी मंडळात तबल्याला बाहेरून पुरुष बोलवावा लागतो, ही रीत आता पुरे. मुंबईच्या डॉ. आबान मिस्त्री यांनी स्वतंत्र तबलावादन तर केलेच, शिवाय पखवाज आणि तबल्याच्या घराण्यांवर मोठा ग्रंथ लिहिला. पोळी लाटणाऱ्या हाताला दाब आणि सोडणे हे दोन्ही आधीच येते. तबल्याला याहून निराळे काही लागत नाही.

वेळ झाली आहे. आता बसल्या जागी सगळ्यांनी हात मोकळे करा. पर्स, पिशव्या, काठ्या खाली ठेवा. मी तीनताल म्हणतो. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी. नवव्याला हात नुसता उघडायचा. शेजाऱ्याकडे बघू नका, माझ्याकडेही बघू नका, ऐका. गती सेकंदाला एक. तीन आवर्तने घेऊ आणि समेवर थांबू. समेवर सगळे एकत्र आलो, तर कार्यवाहांना सांगून पुढच्या रविवारपासून याच सभागृहात वर्ग सुरू करू. न आलो, तर त्याच रविवारपासून सुरू करू.

तयार? धा धिं धिं धा...